सोलापूरचा कचरा: आधी तपासणी, मग टेंडर

उन्हाळा तापला, पारा चाळिशीच्या पुढे गेला आणि तुळजापूर रस्त्याकडच्या कचरा डेपोतून धूर निघू लागला की सोलापुरात एक जुना वाद नव्याने पेटतो. एक गट म्हणतो, डेपो लांब न्या. लांब म्हणजे कुठे, तर दुसऱ्या कुणाच्या तरी गावाला लागून. दुसरा म्हणतो, न्यायचा कशाला, जाळा आणि वीज करा. जपानात करतात, स्वीडनमध्ये करतात, आपल्यालाच काय धाड भरली आहे? तिसऱ्याच्या मते सगळा दोष लोकांचा, घंटागाडीत ओलं-सुकं एकत्र टाकणाऱ्यांना दंड ठोकला की प्रश्न मिटला. चौथा खताचा पुरस्कर्ता आहे, त्याला प्रत्येक प्रभागात खड्डा हवा आहे. निवेदनं दिली जातात, पत्रं छापून येतात, सभागृहात आवाज चढतात. मग पहिला पाऊस पडतो, धूर विझतो आणि वादही विझतो. चौघेही तावातावाने बोलतात, पण जे हलवायचं, जाळायचं, निवडायचं किंवा कुजवायचं आहे त्यात मुळात आहे काय, हे त्यांच्यापैकी कुणीच विचारत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. सोलापूरच्या कचऱ्याचं रासायनिक पृथक्करण झाल्याशिवाय महापालिकेने कचऱ्याच्या कुठल्याही मोठ्या प्रकल्पाचं टेंडर काढू नये. हे पृथक्करण भागनिहाय आणि ऋतूनिहाय व्हावं, ठरावीक वर्षांनी पुन्हा व्हावं आणि त्याचे आकडे टेंडरच्या कागदपत्रांतच छापले जावेत. आपल्या जिल्ह्यात उसाचा फड तुटायच्या आधीपासून उतारा किती बसणार, म्हणजे उसातून साखर किती टक्के निघणार, याची चर्चा चालते. उसाचा सरकारी दरसुद्धा १०.२५ टक्के उताऱ्याला बांधलेला आहे. त्याच जिल्ह्यात कोट्यवधींचे कचरा प्रकल्प 'रोज इतके टन' या एकाच आकड्यावर मांडले जातात. टन हे नुसतं वजन झालं. त्यात पाणी किती, माती किती, जळणारं किती, कुजणारं किती आणि विषारी किती, याचा टनांवरून काहीच बोध होत नाही. उसाला लावतो तो हिशेब कचऱ्याला लावायला आपण का कचरतो?

पृथक्करण म्हटलं की लोकांना काहीतरी महागडं, परदेशी यंत्रांचं प्रकरण वाटतं. तसं ते नाही. भारतीय मानक संस्थेने यासाठीची पद्धत कधीच घालून दिली आहे: नमुना कसा तयार करायचा ते १९७९ च्या ९२३४ क्रमांकाच्या मानकात, तपासायचा कसा ते १९८२ च्या १०१५८ क्रमांकाच्या मानकात. घंटागाडी रिकामी झाली की ढिगाच्या चारी बाजूंनी, वरून आणि पोटातून फावड्याने माल काढायचा आणि ताडपत्रीवर ओतायचा. नीट कालवून गोल ढीग करायचा, तो चेपून सपाट करायचा आणि त्याचे चार वाटे पाडायचे. समोरासमोरचे दोन वाटे ठेवायचे, उरलेले दोन टाकून द्यायचे. ठेवलेले पुन्हा कालवायचे, पुन्हा चार वाटे. शंभर किलोंचे थोडे किलो उरेपर्यंत हेच. मग हाताने निवड करायची: भाजीपाला, कागद, चिंध्या, पातळ पिशव्या, जाड प्लास्टिक, काच, दगड-विटा, ज्याचं त्याचं वजन वेगळं. नमुना १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवला की जितकं वजन गेलं तितकं पाणी. वाळलेला नमुना दळून ५५० अंशांच्या भट्टीत घातला की जळून गेलं ते बहुतांशी सेंद्रिय, मुशीच्या तळाशी उरली ती राख. उष्मांक, म्हणजे जळताना किती उष्णता मिळते ते, मोजायला बाँब कॅलरीमीटर हे उपकरण. नायट्रोजनसाठी केल्डालची पद्धत, जी १८८३ साली डेन्मार्कमधल्या एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत धान्यातलं प्रथिन मोजण्यासाठी शोधली गेली आणि आजही जगभर चालते. रसायनशास्त्राचा पदवीचा विद्यार्थी यातलं बरंचसं काम हातावेगळं करू शकतो. ताडपत्रीवरच्या वासाचा प्रश्न तेवढा राहतो.

ही तपासणी न करता कारखाना उभा केला तर काय होतं, याचा धडा देशाने चांगले पैसे मोजून घेतलेला आहे. दिल्लीत तिमारपूरला १९८७ साली डॅनिश तंत्रज्ञानाची कचरा जाळणारी भट्टी बसवली गेली. क्षमता रोज ३०० टनांची, वीज पावणेचार मेगावॅट. भट्टी आखली होती ती किलोला साधारण १,४६० किलोकॅलरी उष्णता देणाऱ्या कचऱ्यासाठी. दिल्लीचा कचरा भरला सहाशे-सातशेचा. जेमतेम २१ दिवस चालून ती थांबली. यंत्रात खोट नव्हती आणि डॅनिश अभियंते काही अडाणी नव्हते. त्यांच्या कोपनहेगनच्या कचऱ्यात कागद, पुठ्ठा, लाकूड होतं. दिल्लीच्या कचऱ्यात कलिंगडाची सालं, भाजीचे देठ आणि झाडलोटीची माती होती. चार वाटे पाडण्याचं ते ताडपत्रीवरचं काम आधी वर्षभर मन लावून केलं असतं तर ही भट्टी कागदावरच विझली असती.

याचं गणित शाळकरी आहे. समजा कचऱ्याचा कोरडा भाग किलोला ३,००० किलोकॅलरी देतो. एक किलो पाण्याची वाफ करायला मोटामोटी ६०० किलोकॅलरी खर्ची पडतात. कचऱ्यात निम्मं पाणी असेल तर अर्ध्या किलो कोरड्या मालाचे १,५०० मिळतात, अर्ध्या किलो पाण्यावर ३०० जातात, हाती १,२०० राहतात. पाणी ६५ टक्के झालं की हाती उरतात ६६०, म्हणजे तिमारपूर. पाणी ३० टक्क्यांवर आलं की १,९२०, म्हणजे भट्टी मजेत चालते. शहर तेच, माणसं तीच, घंटागाडी तीच. बदललं ते पाण्याचं प्रमाण, आणि त्यावर प्रकल्प तरणार की बुडणार हे ठरलं. आता सोलापूरचा मे महिना आठवा. रस्त्याकडेचा ढीग दोन दिवसांत पापडासारखा वाळतो. आणि ऑगस्ट-सप्टेंबर आठवा. तोच ढीग ठिबकत असतो. 'सोलापूरच्या कचऱ्यापासून वीज होईल का?' या प्रश्नाला मे महिन्यात एक उत्तर आहे आणि सप्टेंबरात दुसरं. आपले वादपटू मात्र बाराही महिने एकच उत्तर छातीठोकपणे देत असतात.

कचऱ्याची किंमत त्याच्या घटकांवर ठरते, हे विलायतेला दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी कळलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमधले ठेकेदार कचरा उचलण्यासाठी उलट तिथल्या पॅरिशांनाच, म्हणजे स्थानिक कारभार बघणाऱ्या संस्थांनाच, पैसे देत. कारण त्या कचऱ्यात मुख्यतः चुलींमधली कोळशाची राख आणि अर्धे जळलेले निखारे असत. राख विटांच्या मातीत कालवायला आणि निखारे भट्टी पेटवायला लागत. लंडनची बांधकामं जोरात होती तोवर कचरा म्हणजे कमाई. पुढे विटांची मागणी घसरली आणि त्याच पॅरिशांना तोच कचरा उचलायला ठेकेदाराच्या हातावर पैसे ठेवावे लागले. १८७४ साली नॉटिंगहॅमला कचरा जाळायची पहिली मोठी भट्टी उभी राहिली आणि ती चालली, त्यामागेही पुष्कळसा हात कचऱ्यातल्या त्या न जळलेल्या कोळशाचाच. इंग्लंडची भट्टी बघून येणारे आपले पाहुणे धुराडं बघून येतात, भट्टीच्या तोंडात काय पडतं ते बघायचं राहून जातं. हल्ली अभ्यासदौऱ्यांचंही तेच होतं.

उलट उदाहरण आपल्या जवळचं आणि आपल्या अभिमानाचं आहे. १९२४ पासून इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड कापसाच्या संशोधन संस्थेत काम करत होते. त्यांच्यापुढचा एक प्रश्न होता पळकाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या खोडांचा. ती कुजायची नाहीत. कार्बन भरपूर, नायट्रोजन तुटपुंजा आणि काठी टणक. हॉवर्डनी ती रस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेतली, शेण-मूत्र आणि हिरवा पाला ठरावीक प्रमाणात मिसळला आणि जी खतपद्धत तयार झाली तिला जग आजही इंदूरच्या नावाने ओळखतं. पुढे १९३९ मध्ये बंगळूरला सी. एन. आचार्य यांनी शहरी कचरा आणि मैला यांच्यासाठी वेगळी पद्धत बसवली, कारण शहरातला माल वेगळा होता. कंपोस्टला कार्बन-नायट्रोजनाचं प्रमाण साधारण २५ ते ३० ला १ असं लागतं, हे आज कृषी पदविकेचा मुलगाही सांगेल. पण सोलापूरच्या ओल्या कचऱ्यात ते किती आहे, हे सांगणारा महापालिकेतला अधिकारी शोधावा लागेल.

'अहो, देशपातळीवरचे अभ्यास झालेले आहेत, तेच वापरा,' असं यावर सांगितलं जातं. अभ्यास झालेले आहेत, ही गोष्ट खरी. नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी दोन दशकांपूर्वी ५९ शहरांचा कचरा तपासला, आणि काम पक्कं होतं. पण ती ५९ शहरं कोणती? त्या वेळची दशलक्षी ३५ शहरं आणि २४ राजधान्या. सोलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत पावणेनऊ लाखांच्या आत, २०११ मध्ये साडेनऊ लाखांच्या किंचित वर. आपण राजधानी नाही आणि दशलक्षीही नव्हतो, म्हणून त्या यादीत आपला ढीग आलाच नाही. मग वापरायचे कुणाचे आकडे? पुण्याचे? पुण्यात आपल्यासारखा विड्यांचा आणि यंत्रमागांचा पूर्व भाग आहे का?

कारण सोलापूरचा कचरा इतर शहरांसारखा असावा असं मानायला काही आधारच नाही. अशोक चौकाच्या अलीकडे-पलीकडे किंवा कुंभारीच्या विडी घरकुलात कुठल्याही दारात बघा. बाई कारखान्यातून पानं, तंबाखू आणि दोरा घेऊन येते. पानं रात्री भिजवून गोणपाटात गुंडाळते, सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापते. साच्याबाहेरचं पान, शिरा, देठ, फाटकी पानं दुपारपर्यंत सुपाशेजारी साचतात आणि संध्याकाळी भाताच्या खरकट्याबरोबर घंटागाडीत जातात. ही कात्रणं कुठल्या डब्यात टाकायची? पान म्हणून ओल्यात? पण तेंदूचं पान विडीला लागतं तेच मुळी चिवट आणि लवकर न कुजणारं असतं म्हणून. शिवाय त्याला तंबाखूची भुकटी लागलेली. तंबाखूत राखेचं प्रमाण बहुतेक पाल्यापेक्षा जास्त, आणि निकोटिन तर असं की त्याचा अर्क पूर्वी पिकांवरच्या किडी मारायला फवारत. बायोगॅसच्या टाकीतल्या जिवाणूंना ते किती सोसेल? थोडं सोसेल, जास्त सोसणार नाही. 'थोडं' कुठे संपतं ते मोजल्याशिवाय कळत नाही. हजारो घरांतून रोज येणाऱ्या या मालाची नोंद 'उद्यान व पालापाचोळा' या रकान्यात होत असेल तर त्या रकान्याला काय अर्थ उरला?

पूर्व भागातच यंत्रमाग आहेत, आणि आता गणवेश शिवणारे कारखाने. सोलापुरी चादर आणि टॉवेल सुती असतात ही आपली समजूत, पण मागाखालचा तंतूंचा भुगा आणि शिवणयंत्राखालच्या चिंध्या यांत पॉलिएस्टर किती आणि सूत किती हे आता सांगता येत नाही. सूत कुजतं, पॉलिएस्टर कुजत नाही. दोन्ही चांगली जळतात. पण कपड्यांच्या काही रंगांमध्ये तांबं आणि क्रोमियम असतं. ते जाळल्यावर राखेत आणि कुजवल्यावर खतात उतरतं, कुठे नाहीसं होत नाही. त्यातच रेक्झीनचे तुकडे किंवा पीव्हीसी प्लास्टिक आलं तर त्यातल्या क्लोरीनमुळे भट्टीच्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्ल येणार, आणि तापमान व धूरशुद्धी नीट सांभाळली नाही तर डायॉक्सिन हे जहाल विषही. म्हणजे 'कापडाचा कचरा जळायला उत्तम' हे विधान अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं क्लोरीनच्या एका आकड्यावर लटकलं आहे.

आणि कांदा. सोलापूरच्या मार्केट यार्डात आवक चढली की राज्यभरातल्या गाड्यांची रांग लागते, आणि भाव पडला की सडलेल्या कांद्याचा ढीग. कांद्यात पाणी भरपूर, म्हणून जाळायला निकामी. बायोगॅसला बरा, असं वाटतं. पण कांद्याला त्याचा झणका येतो तो गंधकयुक्त संयुगांमुळे. बंद टाकीत त्याचा हायड्रोजन सल्फाइड होतो, तो वायू गाळून काढला नाही तर इंजिनाचे भाग खातो. शिवाय कांदा एकदम भरपूर पडला तर टाकी आंबते आणि मिथेन थांबतो. उपाय नाहीत असं नाही: गंधक शोषणारा लोहाचा थर असतो, कांद्याबरोबर शेण किंवा दुसरा माल मिसळता येतो. पण किती गंधक शोषणारा थर बसवायचा हे ज्याने मोजलं नाही, तो एक तर जास्त पैसे घालेल किंवा दर महिन्याला इंजिन उघडेल. सोलापूरने कचऱ्यापासून गॅस आणि वीज करण्याचे प्रयत्न पाहिले आहेत. अशा प्रकल्पांच्या भवितव्याबद्दल चौकात जी चर्चा होते तीत ठेकेदार असतो, नगरसेवक असतो, अनुदान असतं, गंधक कधी नसतं.

आता विरुद्ध बाजू. ती दुबळी आहे असं मी समजत नाही. सगळ्यात वजनदार आक्षेप हा की तपासणी म्हणजे वेळकाढूपणाचं सरकारी नाव. ज्याला काही करायचं नसतं तो समिती नेमतो. समिती अभ्यास करते. अभ्यासाचा अहवाल कपाटात जातो. तोवर डेपोशेजारच्या भोगावच्या माणसाने धूर गिळायचा. हे शंभर टक्के खरं आहे, आणि या शहरात नळाला रोज पाणी न येण्यावर किती अहवाल झाले असतील याची कल्पना कुणीही करू शकतो. पण अहवाल कपाटात जातो तो का? त्यावर कुणाचं काही अडलेलं नसतं म्हणून. ज्या कागदाशिवाय टेंडर उघडताच येत नाही तो कागद कपाटात जात नाही. उलट टेंडर उघडायची घाई असलेलेच तो शोधून काढतात. शिवाय तपासणीचं वर्ष हे हात बांधून बसायचं वर्ष नसतं. घंटागाड्या चालू राहतात, जुन्या ढिगाची उकरण चालू राहते, प्रभागातले छोटे खतखड्डे चालू राहतात. थांबायचं असतं ते फक्त वीस-पंचवीस वर्षांचा करार करून शहराला एका यंत्राशी बांधून घेण्यापाशी. आणि तेवढं थांबलंच पाहिजे.

दुसरा आक्षेप शास्त्रीय आहे आणि तो शास्त्र शिकलेलेच घेतात. काही किलोंच्या नमुन्यावरून शेकडो टनांचं काय सांगणार? आजच्या नमुन्यात एक फाटका बूट आला तर उष्मांक वर, उद्या शहाळी आली तर खाली. बरोबर आहे. म्हणूनच एका नमुन्याची तपासणी करून 'सोलापूरच्या कचऱ्याचा उष्मांक अमुक' असं छापणं ही फसवणूक ठरेल, आणि कन्सल्टंटांचे अनेक अहवाल नेमके असेच असतात: एक तक्ता, एक सरासरी, दशांश चिन्हापुढे दोन आकडे. पण यातून निघणारा निष्कर्ष 'नमुने घेऊ नका' असा नाही, 'पुष्कळ घ्या आणि सरासरीबरोबर पसाराही छापा' असा आहे. मेमध्ये पाणी ३५ टक्के आणि सप्टेंबरात ६५ असेल तर सरासरी ५० येते, आणि ५० वर भट्टी कागदोपत्री छान चालते. प्रत्यक्षात तिला सरासरी कचरा वर्षातून एखाद-दोन आठवडेच मिळतो. अशा वेळी चढउतार हाच कामाचा आकडा. कचरा रोज बदलतो म्हणून मोजायचं नाही, असं म्हणणाऱ्याने उजनी धरणाची पातळीही मोजायचं सोडून द्यावं.

तिसरा आक्षेप सगळ्यात लोकप्रिय. घरातच ओलं-सुकं वेगळं झालं की प्रयोगशाळा कशाला? वर्गीकरण हवंच, त्याला पर्याय नाही, आणि तपासणीचा पुरस्कार करताना वर्गीकरणाला कमी लेखणारे लोक मला मान्य नाहीत. पण दोन डब्यांनी फक्त दोन ढीग होतात. ओल्या ढिगात विडीची कात्रणं आणि सडका कांदा तसेच राहतात, सुक्या ढिगात पीव्हीसी आणि कागद शेजारी-शेजारी. शिवाय वर्गीकरण खरंच होतंय का, हे कळायलाही तपासणीच लागते. 'आमच्या झोनमध्ये शंभर टक्के वर्गीकरण' असा फलक लावायला काही लागत नाही. ओल्या कचऱ्याच्या नमुन्यात काच आणि प्लास्टिक किती निघालं याचं वजन त्या फलकाचं खरं-खोटं एका सकाळीत करतं. कदाचित म्हणूनच ते वजन कुणाला नको असतं.

चौथा आक्षेप कमी ऐकू येतो, पण मला तो सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. कचरावेचक बायका म्हणतील, आम्हाला विचारा ना. त्यांना कुठल्या वस्तीच्या कचऱ्यात काय निघतं हे ठाऊक असतं. पातळ पिशवी हातात चुरगळून तिच्या आवाजावरून ती कुठल्या भावाला जाणार हे त्या सांगतात. खरं तर तपासणीच्या निवडीच्या टप्प्यावर त्यांनाच मजुरी देऊन बसवावं, आपल्याकडे त्यांच्याइतका तयार हात दुसरा नाही. पण त्यांच्या कामातूनच तपासणीची एक वेगळी गरज पुढे येते. वेचकांनी उचललेला पुठ्ठा, बाटल्या, जाड प्लास्टिक म्हणजेच कचऱ्यातला उष्मांक. त्यांनी तो काढून नेला की मागे राहतं ते ओलं आणि मातेरं. मग भट्टीवाला ठेकेदार म्हणतो, मला ठरलेला उष्मांक मिळाला नाही, करारभंग झाला. ही तूट भरायचा सोपा मार्ग कोणता? वेचकांना डेपोत आणि कोंडाळ्यांपाशी मज्जाव करणं. म्हणून नमुना एकाच ठिकाणी घेऊन चालणार नाही: घराच्या दारात, वेचकांचा हात फिरल्यानंतर आणि डेपोच्या फाटकात, असा तीन ठिकाणी घ्यावा. या तीन आकड्यांतला फरक म्हणजे त्या बायका शहराचं किती काम फुकटात करतात त्याचा हिशेब. भट्टीचा करार करायचा असेल तर तो वेचकांचा वाटा वजा जाऊन उरलेल्या कचऱ्यावर करावा. तेवढ्यावर परवडत नसेल तर भट्टी सोलापूरला परवडत नाही, इतकंच.

कायदाही, गंमत म्हणजे, हे गृहीत धरूनच लिहिलेला आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी किलोला १,५०० किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त उष्मांकाचा, पुनर्वापर न होणारा कचरा भूभरावात, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेत, टाकायला बंदी घातली होती. जिने उष्मांक कधी मोजलाच नाही ती महापालिका असा नियम पाळते की मोडते, हे ठरवणार कोण?

विषाचा भाग राहिला. डेपोतला जुना ढीग उकरून, चाळून जागा मोकळी करायची मोहीम आता देशभर चालू आहे. चाळणीखाली जो बारीक माल पडतो तो काळसर, मातीसारखा दिसतो, आणि मातीसारखं दिसतं म्हणून कुणीतरी तो शेतात टाकायचा सल्ला देतं. शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशात धातूंच्या मर्यादा आहेत: किलोमागे शिसं १०० मिलिग्रॅम, क्रोमियम ५०, कॅडमियम ५, आर्सेनिक १०, आणि पारा अवघा ०.१५. आता एक सीएफएल दिवा घ्या. अजूनही घरोघरी माळ्यावर पडलेले असतात. त्यात साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम पारा असतो. तीनच धरला आणि तो सगळा खतात उतरला असं मानलं, तर एक दिवा २० किलो खत पाऱ्याच्या मर्यादेला नेऊन भिडवतो. सोलापूरच्या आजूबाजूची काळी जमीन आधीच अल्कधर्मी, पाऊस कमी, क्षार धुऊन जायला वाव नाही. त्या जमिनीत मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी पिकते, तीच आपल्या ताटात भाकरी होऊन येते. खतातले क्षार आणि धातू न तपासता ते शेतकऱ्याला स्वस्तात देणं म्हणजे डेपो शेताशेतांत वाटून टाकणं. खताचा पुरस्कार करणाऱ्या मित्रांनी हे मनाला लावून घेऊ नये. चांगल्या खताचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे एकदा हात पोळलेला शेतकरी. तो पुढची वीस वर्षं शहराचं खत दारात येऊ देत नाही.

खर्चाचं म्हणाल तर शहरात विद्यापीठ आहे, वालचंदसारखं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, रसायनशास्त्र शिकवणारी जुनी महाविद्यालयं आहेत. ओव्हन, भट्टी, केल्डालचा संच यांतलं पुष्कळसं तिथे प्रात्यक्षिकांसाठी असतंच. धातूंची तपासणी आणि कॅलरीमीटर जिथे नसेल तिथे नमुने बाहेर पाठवावेत. महापालिकेने त्यांच्याशी करार करावा, विद्यार्थ्यांना विद्यावेतन द्यावं, आकडे झोननिहाय लावावेत. टेंडरात दोनच नव्या अटी लागतील. ठेकेदाराने हे आकडे वाचून, त्यांच्या चढउतारासकट, यंत्र चालवून दाखवण्याची हमी द्यावी. आणि पुढे कचरा बदलला तर त्याचा भार कुणी किती सोसायचा हे आधीच लिहावं. १९३० साली इंग्रजांच्या नाकावर टिच्चून नगरपालिकेवर तिरंगा चढवणाऱ्या शहराला टेंडरात दोन अटी घालणं जड जाऊ नये.

सुरुवात मार्केट यार्डापासून करावी, कारण तिथला कचरा एका ठिकाणी, बहुतेक एका जातीचा आणि मोजायला सोपा आहे. कांद्याची आवक आणि सिद्धेश्वराची गड्डा यात्रा दोन्ही जानेवारीत ऐन भरात असतात, तेव्हा पहिली फेरी जानेवारीत घ्यावी. पूर्व भागातली विडीची घरं आणि यंत्रमाग याच फेरीत. दुसरी फेरी मेमध्ये, डेपो तापलेला असताना. तिसरी ऑगस्टअखेरीस, सगळं ओलं असताना. दिवाळीनंतर टेंडर काढायला कुणाचीच हरकत नसावी.